थांबविण्याचे बटण आणि यंत्रातील स्पंद

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठरली. पुढे डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर असा हा पट्टा कल्याणच्या पलीकडे वाढत गेला. त्या पिढीच्या कारखान्यात यंत्र थांबविणे याचा अर्थ मोटरची वीज तोडणे एवढाच होता. कामगाराने लाल बटण दाबले की स्टार्टरच्या पेटीत ‘खट्’ असा आवाज होई आणि पट्टे, चाके, हत्यारे आपापल्या गतीने मंदावत थांबत. बटण आणि मोटर यांच्यामध्ये हुकमाचा अर्थ लावणारे असे काहीच नव्हते.

आता ते आले आहे. वागळे इस्टेटमध्ये काही जुन्या कारखान्यांच्या जागी कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी लहान कारखान्यांचे गाळे तेथे आणि डोंबिवलीत अजून आहेत. तार ठरावीक लांबीने कापणे, लेबले चिकटविणे, पत्रा मोजून पुढे सरकविणे अशी कामे करणाऱ्या लहान यंत्रांची मोटर पुष्कळदा स्पंदांवर चालते. हे स्पंद निर्माण करणारा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड काही शे रुपयांत बाजारात मिळतो आणि तोच बोर्ड शाळांच्या प्रयोगशाळांतही जाऊन पोहोचला आहे. अशा यंत्रावर लाल बटण असतेच. परंतु ते दाबल्यावर आत नेमके काय घडते, हे क्वचितच विचारले जाते. बटण दाबणे आणि यंत्र थांबणे यांमधील अवधीचा संबंध थेट कामगाराच्या बोटांशी असल्यामुळे तो प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.

स्पंद आणि त्यांचा कर्ता

विजेचा दाब काही क्षण चालू, काही क्षण बंद असा आळीपाळीने दिला की स्पंदांची माला तयार होते. तिची कामे मुख्यतः दोन. साध्या मोटरची गती कमी करावयाची असेल तर स्पंदाच्या चालू भागाची रुंदी कमी केली जाते. निम्मा वेळ चालू व निम्मा वेळ बंद ठेवल्यास मोटरला सरासरीने निम्माच दाब मिळतो. शाळांतून विशेष परिचित झालेल्या ‘आर्डुइनो उनो’ या बोर्डावर असे स्पंद देणाऱ्या सहा पिना आहेत. त्यांपैकी चार पिनांवर ही उघडझाप सेकंदाला सुमारे ४९० वेळा आणि दोन पिनांवर सुमारे ९८० वेळा होते. दुसरे काम मोजणीचे. स्टेपर मोटर एका स्पंदाला एकच पाऊल पुढे सरकते. सर्वसामान्य स्टेपर मोटरचे पाऊल १.८ अंशांचे असते, म्हणजे पूर्ण पावलांनी चालविल्यास एका फेऱ्याला २०० स्पंद लागतात. तार मोजण्यासाठी वेगळी पट्टी लागत नाही. स्पंद मोजले की लांबी मोजली जाते.

हे स्पंद दोन प्रकारे निर्माण करता येतात. पहिल्या प्रकारात बोर्डावरील आज्ञावली स्वतःच पिन चालू-बंद करीत बसते. दुसऱ्या प्रकारात हे काम चिपमधील टायमर नावाच्या स्वतंत्र भागाकडे सोपविले जाते. ‘उनो’वरील चिपमध्ये असे तीन टायमर असून ते सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देणाऱ्या घड्याळावर चालतात. आज्ञावलीने टायमरला वारंवारता व रुंदी एकदा सांगितली की पुढचे सर्व टायमर पाहतो. आज्ञावली दुसऱ्या कामात गुंतली, वाट पाहत थांबली, इतकेच नव्हे तर एखाद्या चुकीमुळे जागच्या जागी अडकून पडली, तरी पिनेवरील स्पंद अखंड चालूच राहतात. कार्यालयात एखादा स्थायी आदेश निघाला की तो काढणारा अधिकारी रजेवर गेला तरी त्याचा अंमल चालू असतो, त्यातला हा प्रकार आहे.

टायमरचा हा गुण मोठा आहे. त्याच्यामुळे स्पंद अतिशय नियमित येतात आणि मोटर न थरथरता चालते. थांबविण्याच्या प्रसंगी मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो.

बटण कोणाला सांगते?

नवशिक्याने जोडलेल्या यंत्रात लाल बटणाची तार बोर्डाच्या एका पिनेला जोडलेली असते. आज्ञावली आपल्या कामांच्या फेरीत अधूनमधून त्या पिनेकडे पाहते आणि बटण दाबलेले आढळले तर टायमरला थांबण्याचा हुकूम देते. म्हणजे बटण यंत्राला थांबवीत नाही. ते आज्ञावलीकडे अर्ज करते. अर्ज केव्हा वाचला जाईल हे आज्ञावलीच्या सवडीवर अवलंबून.

हिशेब करून पाहावा. सेकंदाला १,००० स्पंद मिळत असतील तर स्टेपर मोटर सेकंदाला पाच फेरे घेते. तिच्या दांड्यावर पाच मिलिमीटर आट्यांचा स्क्रू बसविलेला असेल तर पुढे सरकणारा भाग सेकंदाला २५ मिलिमीटर जातो. आज्ञावलीत दोन सेकंद थांबण्याची एक ओळ असेल आणि त्या ओळीच्या आरंभीच कामगाराने बटण दाबले, तर त्याची दखल घेतली जाईपर्यंत २,००० स्पंद निघून गेलेले असतात आणि तो भाग ५० मिलिमीटर पुढे आलेला असतो. माणसाच्या बोटाची जाडी याहून पुष्कळच कमी आहे.

यावर ‘इंटरप्ट’ हा उपाय सांगितला जातो. बटण दाबताच चालू काम बाजूस ठेवून थांबविण्याचे काम आधी करावे, अशी सोय चिपमध्ये असते व ती सेकंदाच्या काही लाखांश भागात प्रतिसाद देते. उपाय चांगला आहे, पण अर्जाचा अर्जच राहतो, फक्त त्यावर ‘तातडीचे’ असा शिक्का बसतो. आज्ञावलीने इंटरप्ट तात्पुरते बंद ठेवलेले असतील किंवा बटणाची तारच तुटलेली असेल, तर तो शिक्काही निरुपयोगी होतो.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट थांबविण्याच्या हुकमातच दडलेली आहे. टायमरचे घड्याळ बंद केले की स्पंद थांबतात, हे खरे. परंतु त्या क्षणी पिन ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ती गोठते. स्पंदाच्या बंद भागात घड्याळ थांबले तर मोटर थांबते. चालू भागात थांबले तर पिन कायमची चालू राहते आणि निम्म्या वेगाने फिरणारी मोटर पूर्ण वेगाने धावू लागते. मोटरऐवजी तापविण्याची तार असेल तर ती तापतच जाते. थांबविण्याचे बटण दाबल्याने यंत्र अधिक जोराने चालते, असा हा विपरीत प्रकार दहा वेळा चाचणी घेऊनही कदाचित दिसणार नाही आणि अकराव्या वेळी दिसेल. यास्तव पिनेची स्वतःची स्थिती आधी ‘बंद’ अशी नोंदवून मग टायमरचा आणि पिनेचा संबंध तोडावयाचा, हा क्रम पाळावा लागतो. रुंदी शून्य करणे हाही सर्वत्र खात्रीचा मार्ग नाही. ‘उनो’वरील चिपच्या जलद प्रकारात रुंदीचा आकडा शून्य ठेवला तरी प्रत्येक फेरीत एक अरुंद स्पंद निसटतो.

बटणाच्या आतील धातूच्या पट्ट्यांचाही विचार करावयास हवा. बटण एकदा दाबले तरी त्या पट्ट्या काही मिलिसेकंद एकमेकींवर आपटून उसळत असतात आणि चिपला एका दाबाऐवजी अनेक दाब दिसतात. एकाच बटणाने चालू व बंद अशी दोन्ही कामे करणाऱ्या यंत्रात यामुळे ‘बंद’ झालेले यंत्र त्याच दाबात पुन्हा ‘चालू’ होऊ शकते. म्हणून चालू करण्याच्या बटणासाठी उसळी शांत होईपर्यंत थांबून खात्री करून घेणे योग्य, पण बंद करण्याच्या बटणासाठी थांबण्याचे कारण नाही. पहिल्याच स्पर्शाला थांबावे आणि थांबलेलेच राहावे. चालू आणि बंद यांची बटणे वेगळी ठेवणे हेच श्रेयस्कर.

पाणीपुरवठ्याच्या स्टार्टरची शिकवण

या सर्व अडचणींचे उत्तर जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा पंपघरातील भिंतीवर टांगलेले आहे. पंपाच्या स्टार्टरवर एक हिरवे व एक लाल अशी दोन बटणे असतात. बाहेरून ती सारखी दिसली तरी आतून परस्परविरुद्ध आहेत. हिरव्या बटणाचे टोक एरवी उघडे असते व दाबल्यावर जुळते. लाल बटणाचे टोक एरवी जुळलेले असते व दाबल्यावर तुटते; वायरमन त्याला ‘एनसी’ म्हणतात. काँटॅक्टरच्या कॉइलला जाणारी वीज नेहमी या लाल बटणातून जाते. हिरवे बटण दाबले की कॉइल ओढली जाते आणि काँटॅक्टरचाच एक जादा पॉइंट हिरव्या बटणाला समांतर जुळून कॉइलला धरून ठेवतो. यालाच ‘होल्डिंग’ म्हणतात.

या जोडणीत तीन गोष्टी एकाच वेळी साधतात. लाल बटण दाबले तर पंप थांबतो. लाल बटणाची तार उंदराने कुरतडली किंवा स्क्रूतून निसटली, तरीही पंप थांबतो, कारण तार तुटणे आणि बटण दाबणे हे कॉइलच्या दृष्टीने एकच आहे. वीज गेली तर होल्डिंग सुटते आणि वीज परत आल्यावर, कोणी हिरवे बटण दाबीपर्यंत, पंप आपोआप सुरू होत नाही. शेतीपंपांवर बसविलेले ऑटो स्विच नेमकी ही तिसरी गोष्ट नाहीशी करतात. ते काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरणने शेतकऱ्यांना वेळोवेळी केले आहे ते सर्व पंप एकदम सुरू झाल्याने रोहित्रावर भार येतो म्हणून. पण वीज नसल्याचे पाहून मोटरीवर काम करावयास बसलेल्या माणसालाही तितकाच धोका असतो.

हेच तत्त्व ठाणे-कल्याण मार्गावरील प्रवाशाच्या पायाखाली असते. रूळमंडल पद्धतीत दोन रुळांतून सतत क्षीण वीजप्रवाह वाहतो व तो एका रिलेला ओढून धरतो. गाडी त्या भागात आली की तिच्या चाकांच्या कण्यांमुळे प्रवाह आखूड मार्गाने जातो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा वीजपुरवठा बंद पडला तरी रिले सुटतो आणि सिग्नल लालच होतो. ‘जा’ असे सांगण्यासाठी वीज लागते. ‘थांबा’ असे सांगण्यासाठी ती लागत नाही.

स्पंदांच्या वाटेवरील द्वार

हीच जोडणी स्पंदांसाठी करणे कठीण नाही. टायमरच्या पिनेपासून मोटर चालविणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत जाणाऱ्या तारेत एक द्वार बसवावयाचे. ७४०८ या जुन्या व स्वस्त चिपमध्ये अशी चार द्वारे असतात. द्वाराला दोन वाटा आत येतात व एक बाहेर जाते; आतील दोन्ही वाटांवर दाब असेल तरच बाहेर दाब येतो. एका वाटेवर टायमरचे स्पंद, दुसऱ्या वाटेवर लाल बटणाच्या जुळलेल्या टोकातून आलेली परवानगी. बटण दाबले, तार तुटली किंवा निसटली की परवानगीच्या वाटेवरील दाब, तेथे बसविलेल्या रोधामुळे, शून्यावर येतो आणि द्वार बंद होते. टायमर आत कितीही स्पंद निर्माण करीत राहिला तरी ते दाराशीच अडतात आणि बाहेरची पिन चालू स्थितीत गोठण्याचा प्रश्नही उरत नाही. आज्ञावली अडकली आहे की जागी आहे, याच्याशी द्वाराला कर्तव्य नाही.

बटण सोडताच द्वार पुन्हा उघडू नये यासाठी होल्डिंगसारखी एक विद्युत कडी लागते. ती फ्लिपफ्लॉपने करता येते, लहान रिलेने करता येते, किंवा दाबल्यावर आतच अडकून राहणारे आणि पिळल्यावर सुटणारे बटण वापरता येते. काही आधुनिक मायक्रोकंट्रोलरांत हे द्वार चिपच्या आतच टायमराजवळ दिलेले असते. त्याच्या खास पिनेवरील स्थिती बदलली की टायमरची बाहेरची टोके आज्ञावलीला न विचारता बंद होतात. यंत्र विकत घेताना किंवा बनवून घेताना अशी चिप निवडली आहे काय आणि ती पिन खरोखर जोडली आहे काय, हे विचारण्यास हरकत नाही. पुष्कळदा चिपमध्ये सोय असते आणि तारच लावलेली नसते.

बोर्डाने आपणहून ‘थांबलो’ हे जाणणेही आवश्यक आहे. द्वार बंद असताना आज्ञावली स्पंद मोजत राहिली तर तिच्या मते तार पुढे गेलेली असते आणि प्रत्यक्षात ती जागीच असते. म्हणून बटणाची एक खबर आज्ञावलीकडेही पाठवावी. पण ती माहितीसाठी. वेगात असलेल्या स्टेपर मोटरचे स्पंद एकाएकी तुटले की ती काही पावले पुढे घसरू शकते, त्यामुळे पुन्हा सुरू करताना यंत्राने आरंभबिंदूपासून मोजणी नव्याने करावी.

वीज तोडली म्हणजे थांबले काय?

येथवर वाचून सर्व काही तोडून टाकणे हाच मार्ग, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. स्टेपर मोटरचे केवळ स्पंद थांबविले तर तिच्या वेटोळ्यांतून प्रवाह चालूच असतो आणि ती आपली जागा घट्ट धरून उभी राहते. तिचा प्रवाहही तोडला तर ती मोकळी होते. आडव्या सरकणाऱ्या भागासाठी हे ठीक. पण मोटर एखादे वजन उभे उचलून धरीत असेल तर ते वजन खाली येते, आणि खाली हात असू शकतो. अशा ठिकाणी वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक हवा.

एसी मोटर चालविणाऱ्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे कारखान्यात ज्याला व्हीएफडी म्हणतात त्यात, याच्या उलट घडते. तेथील स्पंद रोखले की मोटरमधील फिरते चुंबकीय क्षेत्रच नाहीसे होते व मोटर जोरहीन होऊन घरंगळत थांबते. स्पंद खात्रीपूर्वक रोखण्याची ही सोय अनेक आधुनिक ड्राइव्हमध्ये सुरक्षा-कार्य म्हणून दिलेली असते. पॉवर प्रेसची गोष्ट आणखी वेगळी. तिचे जड चाक मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत असते. तेथे मोटरपेक्षा क्लच सोडविणे आणि ब्रेक लावणे महत्त्वाचे. यंत्रांच्या विद्युत सामग्रीविषयीच्या आयईसी ६०२०४ (भाग १) या आंतरराष्ट्रीय मानकात थांबविण्याचे तीन वर्ग केले आहेत : तत्काळ शक्ती तोडणे, आधी ताब्यात ठेवून थांबविणे व मग शक्ती तोडणे, आणि थांबवूनही शक्ती चालू ठेवणे. आणीबाणीच्या बटणासाठी यांपैकी पहिले दोनच वर्ग ग्राह्य आहेत. म्हणजे स्टेपर मोटरला नुसती उभी करून तिचा प्रवाह चालू ठेवणे हे रोजच्या कामकाजात चालेल, आणीबाणीच्या बटणाला ते पुरे नाही.

यावरून स्पंदांच्या द्वाराची मर्यादाही लक्षात येते. शाळेतील पंखा किंवा लेबलाचे यंत्र यांना ते उत्तम. जेथे हात चिरडण्याचा धोका आहे तेथे द्वाराबरोबरच मोटरचा पुरवठा तोडणारा काँटॅक्टर हवा, आणि काँटॅक्टरची टोके एखादे वेळी वितळून चिकटतात हे ध्यानी घेऊन एकामागे एक दोन काँटॅक्टर बसविण्याची पद्धत आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवरील अळिंबीच्या आकाराचे जे लाल बटण कामगारांच्या बोलीत ‘इमर्जन्सी’ म्हणून ओळखले जाते, ते अशा जोडणीचे दर्शनी टोक असते. केवळ ते बटण बाजारातून आणून बोर्डाच्या पिनेला जोडल्याने यंत्र सुरक्षित होत नाही. उलट ते आहे म्हणून कामगार निर्धास्त होतो, हे अधिक वाईट.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये, प्रत्येक कामाच्या खोलीत चालू यंत्रांची शक्ती आणीबाणीत तोडण्याची योग्य साधने बसविण्याची व ती राखण्याची तरतूद करण्यात आली होती. ‘बंद’ स्थितीतून नकळत ‘चालू’ स्थितीत सरकू शकेल असे साधन असेल तर ते सुरक्षित स्थितीत अडकविण्याची व्यवस्था असावी, असेही त्यात म्हटले होते. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम व इतर बारा कायदे एकत्र आणण्यात आले. १९४८ साली स्पंदांवर चालणारी यंत्रे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असण्याचा संभव नव्हता. तरीही शब्द अचूक पडले आहेत. कायद्याने शक्ती तोडण्यास सांगितले होते, थांबण्याची विनंती करण्यास नव्हे.

तपासणीच्या वेळी

बटण दाबून पाहणे ही तपासणीची केवळ सुरुवात आहे. यंत्र रिकामे चालू असताना जाणकार वायरमनकडून लाल बटणाची एक तार सोडवून घ्यावी. यंत्र त्याच क्षणी थांबले पाहिजे. तार पुन्हा जोडल्यावर ते आपणहून सुरू होता कामा नये. नंतर मुख्य वीज घालवून परत द्यावी. तेव्हाही ते उभेच राहिले पाहिजे. बटण दाबलेले असताना हिरवे बटण दाबून पाहावे. या चार कृतींना दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि त्यांची तारीखवार नोंद यंत्राच्या वहीत ठेवता येते.

शाळांमध्ये हाच पाठ निर्धोकपणे देता येतो. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत सहावी ते बारावीचे विद्यार्थी असे बोर्ड हाताळतात. पाच व्होल्टांचा एक छोटा पंखा, एक ट्रान्झिस्टर, एक ७४०८ चिप आणि दोन बटणे एवढ्यावर प्रयोग होतो. एक बटण साध्या पद्धतीने बोर्डाच्या पिनेला जोडावे, दुसरे द्वाराला. आज्ञावलीत मुद्दाम दहा सेकंद थांबण्याची ओळ घालावी आणि ती ओळ सुरू झाली की एक दिवा लागेल असे करावे. दिवा लागल्यावर विद्यार्थ्याने पहिले बटण दाबून धरावे आणि वर्गाने मोठ्याने आकडे मोजावेत. पंखा दहापर्यंत फिरत राहील. मग दुसरे बटण दाबावे. या वेळी पाती लगेच मंदावू लागतात आणि दिवा मात्र लागलेलाच असतो.